डायनासोरांवरची पैज

विद्यापीठाच्या पेपर तपासणीसाठी त्या उन्हाळ्यात धुळ्याकडचे प्राध्यापक आमच्या जळगावच्या कॉलेजात आले होते. मोठ्या हॉलमध्ये सगळ्या विज्ञान विषयांची टेबलं लावलेली, चार कोपऱ्यांत चार कूलर, आणि त्यांच्या आवाजात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नव्हतं. मी नुकतीच रसायनशास्त्र विभागात रुजू झाले होते. माझ्या शेजारच्या टेबलावर धुळ्याच्या भूगर्भशास्त्राच्या एक मॅडम बसल्या होत्या. पांढरी सुती साडी, जाड चष्मा, आणि पेपर तपासताना स्वतःशीच बोलायची सवय.

अचानक त्या मोठ्यानं हसल्या. कुणा विद्यार्थ्यानं लिहिलं होतं की डायनासोर दुष्काळामुळे मेले.

"खानदेशचं पोरगं आहे," त्या म्हणाल्या. "दुसरं काय लिहिणार! अर्धा मार्क देते याला. निदान कारण तरी इथलं शोधलंय."

समोरच्या टेबलावरून आमच्या कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या सरांनी मान वर केली. सर मूळचे असोद्याचे, उंच, आणि आवाज असा की त्यांच्या वर्गात शेवटच्या बाकावर डुलकी काढणं अशक्य.

"कारण इथलं कसं, मॅडम? कारण आकाशातून आलं. दहा-बारा किलोमीटरचा लघुग्रह मेक्सिकोजवळ येऊन आदळला, धुळीनं सूर्य झाकला, खेळ खलास."

"आणि आपण ज्या काळ्या दगडावर बसलोय तो काय मग देखावा म्हणून ओतलाय?" मॅडम म्हणाल्या. "इथून कोकणापर्यंत लाव्हा वाहत होता, सर. लाखो वर्षं. त्यातून निघालेल्या वायूंनी हवा बिघडली, समुद्र बिघडले. तुमचा दगड आला तेव्हा ते बिचारे आधीच आजारी होते."

चहा आला, निवला, तरी दोघं थांबेनात. जगभरातल्या मातीत इरिडियम धातूचा पातळ थर सापडतो, तो लघुग्रहाशिवाय कुठून आला, असं सर विचारत होते. उद्रेक लघुग्रहाच्या आधी सुरू झाले होते, ते कसे विसरता, असं मॅडम विचारत होत्या. शेवटी सर टेबलावर हात आपटून म्हणाले, "लावता पैज?"

"लावते."

शर्त तिथल्या तिथे ठरली. जो हरेल त्यानं जिंकणाऱ्याच्या कॉलेजात जायचं, त्याच्या वर्गासमोर उभं राहून 'मी हरलो' म्हणायचं, आणि सगळ्या वर्गाला स्वतःच्या हातानं केलेलं वांग्याचं भरीत खाऊ घालायचं. वांगी भाजण्यापासून ठेचण्यापर्यंत घरच्या कुणीही हात लावायचा नाही.

"आणि निकाल कोण देणार?" मॅडमनी विचारलं.

सरांनी आजूबाजूला पाहिलं. माझं माहेर धुळ्याचं आणि सासर जळगावचं, हे त्यांना माहीत होतं. शिवाय विषय रसायनशास्त्र, म्हणजे दोघांच्याही भांडणाबाहेरचा. आणि मी सगळ्यांत नवीन, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. "या आपल्या पंच," सर म्हणाले, आणि त्या दिवसापासून माझं नाव कॉलेजात मागे पडलं. सर मला आजही पंच म्हणूनच हाक मारतात.

मला वाटलं होतं, चार दिवसांची गंमत आहे. तपासणी संपेल, मॅडम धुळ्याला जातील, विषय संपेल. पण पावसाळ्यात एका सकाळी सर स्टाफरूममध्ये पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले. हातात वर्तमानपत्र. डायनासोरांचं कोडं सुटलं, असा मथळा. सरांनी सगळ्यांना पेढे वाटले, धुळ्याला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"मॅडम, वांगी कोणती आणताय?"

"पंचांना बोलवा," पलीकडून आवाज आला.

मी बातमी वाचली. मथळ्यात कोडं सुटलं होतं, पण खाली शेवटच्या ओळीत काही शास्त्रज्ञांना हे मान्य नसल्याचं लिहिलं होतं. ती ओळ मी मोठ्यानं वाचली आणि म्हणाले, "निकाल लागलेला नाही." आयुष्यात मी दिलेला तो पहिला निवाडा. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या घरातला पंखा काढून नेतेय.

"मग पेढे परत द्या," ते म्हणाले. पण पेढे तोवर संपले होते.

पुढच्या वर्षी ज्वालामुखीच्या बाजूनं बातमी आली आणि मॅडमनी फोन केला. तीही मी फेटाळली. असं दरवर्षी एकदा-दोनदा व्हायचं. नव्या मोजणीनं कधी लघुग्रह पुढे जायचा, कधी लाव्हा. मध्येच कुणी तरी म्हणायचं की दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असाव्यात, आदळण्याच्या धक्क्यानं उद्रेकांना जोर चढला असावा. मला ते फार सोयीचं वाटलं. मी दोघांना सुचवलं की बरोबरी मान्य करून टाकू. दोघंही एकदमच माझ्यावर उखडले. त्या एका दिवशी त्यांचं पूर्ण एकमत होतं.

मी एकदा सरांना स्पष्टच विचारलं. म्हटलं, "सर, तुमची पीएचडी स्फटिकांवर. डायनासोरांशी तुमचा काय संबंध? एवढं कशाला मनावर घेता?"

सर प्रयोगशाळेत लोलक पुसत होते. ते म्हणाले, "आपण काय शिकवतो, पंच? ठरलेलं. उत्तर मागच्या पानावर छापलेलं असतं. पोरांनी चुकीचं आणलं तर आपण लाल शाई फिरवतो. इतकी वर्षं असं केलं की माणसाला वाटायला लागतं, आपल्याला सगळं येतं. उत्तर माहीत नसलेला एक तरी प्रश्न जवळ असावा." मग जरा थांबून म्हणाले, "आणि त्या बाई भांडतात छान."

एका हिवाळ्यात मॅडमनी सरांना धुळ्याला बोलावलं. पंच म्हणून मीही गेले. पारोळ्याला भजी खाऊन आम्ही धुळ्यात पोहोचलो, तिथून त्यांच्या गाडीनं साक्रीच्या बाजूला निघालो. रस्त्याच्या कडेला सपाट रानात एक काळी भिंत उभी होती. लांबच लांब, मध्ये मध्ये तुटलेली, कुणी गढी बांधता बांधता सोडून द्यावी तशी. लहानपणी बसमधून मामाकडे जाताना अशा भिंती मी किती वेळा पाहिल्या होत्या, पण त्या कुठल्या तरी राजानं बांधल्या असतील असंच मला वाटायचं.

"ही डाइक," मॅडम म्हणाल्या. "जमिनीला भेग पडली, खालून लाव्हा वर आला आणि भेगेतच गोठला. भोवतालचा मऊ दगड झिजून गेला, ही राहिली. धुळ्यापासून नंदुरबारपर्यंत अशा शेकड्यांनी आहेत."

शेजारच्या शेतात एक म्हातारे आबा कपाशी वेचायला आलेल्या बायकांना पाणी देत होते. आम्हाला भिंतीपाशी घुटमळताना पाहून ते जवळ आले. "हाई कोनी बांधेल नही, भाऊ," ते सरांना म्हणाले. "पहिलेपासून शे." आम्हालाही पाणी देऊन ते परत गेले.

सर दगडाला तळवा लावून उभे राहिले. बराच वेळ. मग हात झटकून म्हणाले, "अहो, अजून चटका बसतोय!"

"तो उन्हाचा," मॅडम हसल्या. "खरा चटका तुमच्या डायनासोरांना विचारा."

बोलता बोलता त्यांना जोर चढला. जोर चढला की त्या प्रमाण मराठी सोडून अहिराणीवर यायच्या. "लोके मेक्सिकोले जातस खड्डा देखाले," त्या भिंतीवर हात थापटत म्हणाल्या. "बठ्ठं आठेच शे!" मग स्वतःच हसून म्हणाल्या, "सगळं इथंच आहे, पण जगाला इथलं काही दिसतच नाही, सर. आपण मागासलेला भाग. इथं कधी काही घडलं असेल असं कुणाला वाटत नाही. आणि मी तीस वर्षं सांगतेय की इथं जे घडलं ते सगळ्या पृथ्वीला पुरून उरलं."

परतीच्या वाटेवर एरंडोलच्या पुढे सरांचा एक भाऊ राहायचा, त्याच्याकडे जायचं ठरलं होतं, ते सर विसरूनच गेले. घरी उतरताना एवढंच म्हणाले, "भिंत भारी आहे हो. पण भिंत म्हणजे पुरावा नाही."

त्यांनी परतफेड केली ती मॅडम पुन्हा पेपर तपासणीला आल्या तेव्हा. प्रयोगशाळेत एक मोठी परात मांडली. खाली मैद्याचा जाड थर, वर हळदीचा पातळ. स्वतः स्टुलावर चढले आणि हातातला पोलादी गोळा वरून सोडला. मैद्यात खड्डा पडला आणि हळद चारी बाजूंनी उडाली. ती टेबलावर गेली, भिंतीवर गेली, आणि मॅडमच्या पांढऱ्या साडीवर खांद्यापासून निऱ्यांपर्यंत.

"पाहिलंत? इरिडियम असं पसरलं," सर स्टुलावरूनच म्हणाले.

मॅडमनी साडीकडे पाहिलं. त्या अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "माझ्या लग्नातही एवढी हळद लागली नव्हती, सर." हसण्याचा असा गदारोळ झाला की प्राचार्य काय झालं ते बघायला आले. संध्याकाळी सरांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, मॅडमना घरी नेलं, स्वतःची साडी नेसायला दिली आणि जेवल्याशिवाय सोडलं नाही. त्यानंतर मॅडम जळगावला आल्या की हॉटेलात कधी उतरल्या नाहीत. कूलर नसलेल्या मागच्या खोलीत त्या आणि काकू गप्पा मारत बसायच्या, आणि सर पुढच्या खोलीतून मध्येच ओरडून एखादा मुद्दा टाकायचे.

मग सर निवृत्त झाले. त्यानंतर दोनेक वर्षांनी त्यांचा आवाज बसला. आधी वाटलं खोकल्यानं असेल. काढे झाले, गुळण्या झाल्या. शेवटी नाशिकला तपासण्या झाल्या, स्वरयंत्रावर गाठ निघाली. शस्त्रक्रिया नीट पार पडली, गाठ वेळेत सापडली होती. पण डॉक्टरांनी कित्येक आठवडे एक शब्दही न बोलण्याची ताकीद दिली, आणि पुढे आवाज किती परत येईल ते सांगता येणार नाही म्हणाले.

मी भेटायला गेले तेव्हा सर पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. मांडीवर मुलांची जादूची पाटी, लिहून वर सरकपट्टी ओढली की पुसली जाते ती. मला पाहून त्यांनी लिहिलं, 'या पंच'. नंतर काही लिहिलंच नाही. काकू स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाल्या, "बोलता येत नाही त्याचं नाही गं एवढं. लिहितसुद्धा नाहीत. पेपर उघडत नाहीत. नुसते खिडकीकडे तोंड करून बसतात." घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. काकूंनी ती मोडायला म्हणून दिवसभर टीव्ही लावून ठेवला होता, आणि तो कुणीच बघत नव्हतं.

मी धुळ्याला फोन केला. दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडम एसटीनं आल्या, मी त्यांच्याबरोबर सरांकडे गेले. आल्या आल्या त्यांनी टीव्ही बंद केला, सरांच्या समोर खुर्ची ओढली आणि तब्येतीचं एक अक्षर न विचारता म्हणाल्या, "सर, पैज थांबलीय. तुमची बाजू मांडायला कुणी नाही. एकतर्फी भांडायला मला मजा येत नाही. तेव्हा आज तुमच्या वतीनं मीच बोलणार."

आणि त्या बोलायला लागल्या. लघुग्रहाच्या बाजूनं. इरिडियमचा थर, मेक्सिकोतला खड्डा, आघातानं तडकलेले स्फटिक, उसळलेल्या लाटांच्या खुणा. सर गेली कित्येक वर्षं जे जे म्हणत आले होते ते सगळं, त्यांच्याच क्रमानं, त्यांच्याच शब्दांत. टेबलावर हात आपटायची त्यांची लकबसुद्धा उचलली. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. मॅडम म्हणाल्या, "लाखो वर्षांचा लाव्हा कशाला हवा? एक दगड, एक दिवस, खेळ खलास!"

सरांच्या चेहऱ्यावर आधी नुसतं आश्चर्य होतं. मग भुवया आकसल्या. मग त्यांनी पाटी उचलली आणि भराभर लिहिलं, 'पण उद्रेक आधीच सुरू झाले होते!'

मॅडमनी वाचलं आणि हात उडवला. "असतील. म्हणून काय झालं? तेव्हा डायनासोर मजेत होते."

'कशावरून?' सरांनी लिहिलं. पुसलं. 'वायू? समुद्र?' पुसलं. 'भिंत पाहिली नाहीत का तुम्ही??'

संध्याकाळपर्यंत हे चाललं. मॅडम लघुग्रहासाठी तावातावानं भांडत होत्या आणि सर पाटीवर ज्वालामुखी लढवत होते. एकदा तर रागाच्या भरात ते बोलणारच होते, काकूंनी पटकन त्यांच्या तोंडावर हात ठेवला. त्यावर आम्ही चौघंही हसलो. सरांचं हसू बिनआवाजी होतं, नुसते खांदे हलत होते, पण डोळ्यांतून पाणी आलं. निघताना मॅडम स्टँडपर्यंत माझ्याबरोबर चालत आल्या. वाटेत म्हणाल्या, "त्यांची बाजू वाटली होती त्यापेक्षा भक्कम आहे गं. आतून पाहिली नव्हती मी कधी." बसमध्ये चढताना त्यांनी पदरानं चष्मा पुसला, बराच वेळ पुसत राहिल्या.

त्यानंतर मॅडम बहुतेक दर रविवारी यायच्या. सरांनी पुन्हा पेपर उघडला. हळूहळू आवाजही थोडा परत आला. पूर्वीचा नाही. वाळलेलं पान घासावं तसा बारीक, खरखरीत. चार वाक्यं झाली की थांबावं लागायचं. पण होता.

मॅडमच्या निवृत्तीच्या दिवशी सरांनी हट्ट धरला की धुळ्याला जायचंच. गाडी माझे यजमान चालवत होते. मागे काकू आणि मी, पुढे सर. डिकीत मोठमोठे डबे होते आणि गाडीभर भाजलेल्या वांग्यांचा धुरकट वास. मी काकूंना नजरेनं विचारलं. त्या म्हणाल्या, "पहाटे असोद्याच्या शेतात गेले होते. कपाशीच्या काड्यांवर वांगी स्वतः भाजली, स्वतः सोलली, स्वतः ठेचली. मला जवळ फिरकू दिलं नाही. कशासाठी ते सांगायची मला बंदी आहे." काय होणार ते मला कळलं होतं.

समारंभ दुपारी होता, पण मॅडमनी सकाळी शेवटचा तास घ्यायचं ठरवलं होतं. वर्गाच्या भिंतीलगत काचेची कपाटं, त्यांत दगडांचे नमुने. मॅडम फळ्यापाशी होत्या. सर दारात उभे राहून म्हणाले, "आत येऊ का, मॅडम?" आणि उत्तराची वाट न पाहता आत जाऊन मुलांसमोर उभे राहिले.

"मी जळगावला शिकवायचो," ते त्या बारीक आवाजात म्हणाले. मुलं पुढे झुकली. "तुमच्या मॅडमशी माझी एक पैज होती. डायनासोर कशानं मेले, यावर. आज सांगायला आलोय. मी हरलो."

मॅडमच्या हातात खडू होता. त्यांनी तो खाली ठेवला.

"कशावरून?" त्यांनी विचारलं.

सर रुमाल काढून कपाळ पुसू लागले.

"सर, मी विचारतेय, कशावरून हरलात? नवा पुरावा आलाय का? पंच, काही आलंय?"

मी मागच्या बाकावर होते. मी मान हलवली. नाही.

"पुरावा नाही, मॅडम," सर म्हणाले. "वय आहे. हा प्रश्न आपल्या दोघांच्या हयातीत सुटेल असं वाटत नाही. म्हटलं, देणं राहू नये."

मॅडमचा चेहरा लाल झाला. इतक्या वर्षांत मी त्यांना खरंच रागावलेलं पाहिलं नव्हतं, तेव्हा पाहिलं. "वय हा पुरावा नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या वर्गात चालत नाही ते. भेट म्हणून दिलेली पैज मी घेणार नाही. खरं सांगा, तुम्हाला माझं म्हणणं पटलंय?"

सरांनी मुलांकडे पाहिलं, कपाटातल्या दगडांकडे पाहिलं. मग म्हणाले, "नाही."

"मग बसा खाली."

सर पहिल्या बाकावर एका मुलीशेजारी जाऊन बसले. तिनं सरकून जागा दिली. मॅडम फळ्याकडे वळल्या आणि काही न लिहिता तशाच उभ्या राहिल्या. पाठमोऱ्या. मुलांना वाटलं असेल, काय लिहायचं ते आठवताहेत. मग त्यांनी खडू उचलला, फळ्याच्या एका बाजूला 'लघुग्रह' लिहिलं, दुसऱ्या बाजूला 'ज्वालामुखी', आणि शेवटचा तास दोन्ही बाजू सांगण्यात घालवला. कुठल्या बाजूला त्या स्वतः आहेत हे कुणाही मुलाला ओळखता आलं नसतं.

दुपारी डबे उघडले. मॅडमनी पानाला हात लावण्याआधी विचारलं, "हे पैजेचं आहे का?"

"नाही. निरोपाचं," सर म्हणाले.

"मग चालेल." आणि त्यांनी दोनदा मागून घेतलं. मीठ जरा जास्त पडलं होतं. सगळा वर्ग पाण्याचे पेले रिचवत होता, पण कुणीही तसं बोललं नाही.

परतताना सर पुढच्या सीटवर झोपून गेले. काकू हळू आवाजात मला म्हणाल्या, "आठवडाभर आरशासमोर म्हणून बघत होते, मी हरलो, मी हरलो. मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला की काय. शेवटी मी विचारलं, तर म्हणे, त्या बाईंनी माझ्या वतीनं बोलून मला बोलतं केलं, त्यांना काहीतरी द्यायला हवं, आणि माझ्याकडे दुसरं काय आहे?" त्या खिडकीबाहेर बघू लागल्या. एरंडोल मागे पडलं होतं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कपाशी फुटली होती. "मी म्हटलं, अहो, त्या घेणार नाहीत. तर म्हणाले, ते मला माहीत आहे."

गेल्या महिन्यात सरांचा फोन आला होता. कुठल्याशा नव्या मोजणीबद्दल वाचलं होतं त्यांनी. चार वाक्यं बोलले, थांबले, दम घेतला, पुन्हा चार वाक्यं बोलले. मी सगळं ऐकून घेतलं आणि म्हटलं, "निकाल लागलेला नाही, सर."

"लागायची घाई कुणाला आहे?" ते म्हणाले. "धुळ्याला कळवा."